पावर घाटातच जाते

कमलीबाईचा उजवा हात एकोणीस वर्षं खात्याच्या जीपमध्ये कामाला होता. पगार नव्हता, रजा नव्हती. बाजाराचा दिवस आला की हात हजर.

जीप जुनी. इतकी जुनी की तिचं स्टेअरिंग फिरवायचं म्हणजे जात्यावर ओली ज्वारी दळायची. सपाटीवर एक वेळ चालून जायचं, पण पाड्यावरून धडगावला जायचं तर घाट चढावा लागतो, आणि घाटात अकरा वळणं. वळणावर खात्याचा डावा हात गिअरवर जायचा, आणि उरलेल्या एकट्या उजव्या हाताला ते स्टेअरिंग अजिबात भीक घालायचं नाही. मग खात्या म्हणायचा, "हं." एवढंच. त्याच्या डाव्या बाजूला बसलेली कमलीबाई हात पुढं टाकायची, चाकाची कड धरायची आणि ओढायची. तिच्या हातातलं चांदीचं कडं चाकावर खणकन वाजायचं, जीप कुरकुरत वळायची, खात्या म्हणायचा, "बास," आणि हात परत मांडीवर. कमलीबाईच्या पलीकडे दोघं तिघं कोंबलेली असायची. त्यांना ठाऊक होतं, 'हं' ऐकलं की पोट आत घ्यायचं.

आता ऐकणाऱ्याला वाटेल, काय बाई कष्ट. पण कमलीबाईला त्या सीटचं कौतुक हातामुळे नव्हतं, बोलण्यामुळे होतं.

खात्या घरात बोलायचाच नाही. घरात मुलगा करमसिंग, सून रिना, त्यांची तीन पोरं, शेळ्या, कोंबड्या, आणि वर दिवसभर ओट्यावर टेकायला येणारी पाड्यावरची माणसं. एवढ्या गलक्यात त्याला शब्द सापडत नसत. घाटात मात्र, वळण पार झालं, दम खाल्ला, की तो एक वाक्य बोलायचा. एका वळणाला एक. कमलीबाईचं उत्तर पुढच्या सरळ तुकड्यावर. करमसिंगसाठी रिनाला मागणी घालायची, हे चौथ्या वळणानंतर निघालं आणि नवव्यानंतर ठरलं. घराला पत्रे घालायचे की कौलं, यात तीन बाजार गेले. एकदा सातव्या वळणानंतर तो समोर बघतच म्हणाला होता, "निळं लुगडं तुला बरं दिसतं." आठव्या वळणाला कमलीबाईनं चाक असं ओढलं की पाड्यावरच्या दगूबाईची कोंबड्यांची टोपली शेजारच्याच्या मांडीवर गेली.

उतरताना बोलणं नाही. उतरताना खात्याचं सगळं लक्ष ब्रेकमध्ये. म्हणजे आठवड्यातून एकदा, चढाचा पाऊण तास, तेवढाच नवरा तिच्या वाट्याला यायचा. तो तिनं एकोणीस वर्षं चुकवला नव्हता. सुनेची बाळंतपणं आणि एक विंचू सोडला, तर.

यंदा होळी झाली आणि खात्याचा उजवा खांदा धरला. आधी वाटलं, ढोल वाजवून वाजवून दुखत असेल. पण ढोल उतरला, दुखणं उतरेना. सदऱ्याची बाही घालायला नातवाला हाक मारावी लागायला लागली. डॉक्टरनं हात वर करायला लावला, तो काखेपर्यंतच गेला. डॉक्टर म्हणाला, खांदा जाम झालाय, व्यायाम कर, आणि ते जड ओढणं बंद. नाहीतर हा हात जेवायलाही उठणार नाही.

पुढच्या बाजाराला कमलीबाईनं जवळजवळ एकटीनंच अकरा वळणं ओढली. सहाव्यानंतर खात्या म्हणाला, "जीप विकून टाकू."

सातवं वळण आलं, गेलं. कमलीबाईनं उत्तर दिलं नाही. जीप गेली तर पोटापाण्याचं करमसिंग बघेल. पण ही अकरा वळणं कोण बघणार?

उत्तर मिळालं ते ईश्वरभाऊंकडून. ईश्वरभाऊ तहसील कचेरीत शिपाई. पण बोलायला लागले की तहसीलदारालाच वाटावं, आपण यांच्या हाताखाली आहोत. ते खिडकीशी बसले होते. कमलीबाईच्या कोपराचा एक तडाखा त्यांना पाचव्या वळणावर बसलाच होता.

"वहिनी," ते बरगडी चोळत म्हणाले, "सदर प्रकारावर उपाय उपलब्ध आहे. आमच्या मेहुण्याच्या वाहनास पावर स्टेअरिंग आहे. एका बोटाने वळते."

"एका बोटानं?"

"करंगळीनेसुद्धा. तो मुद्दाम दाखवतो."

"जुन्या गाडीला बसतं का ते?"

"बसवणारा पाहिजे," ईश्वरभाऊ म्हणाले. माहीत नसलं की ते असंच म्हणत.

बसवणारा सापडला तो शहाद्याला. सलाउद्दीनचं गॅरेज खात्याला जुनं ओळखीचं होतं. जीपचा एकही नट असा नव्हता, ज्याला सलाउद्दीनच्या पान्यानं पिळलं नव्हतं. कमलीबाई हट्टानं बरोबर गेली. जीपच्या पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'पावरा' लिहिलेलं होतं, खात्याचं आडनाव. त्यातला शेवटचा काना दोन उन्हाळ्यांपूर्वी सुकून गळला होता.

सलाउद्दीन काचेकडे बघून हसायलाच लागला. "खात्याभाऊ, तू त पयलेच लिखी ठेवेल शे. पावर! आते फक्त बसाडनं बाकी."

खात्यानं काच पाहिली. काना गेल्याचं त्याला आजच कळलं.

दोन दिवस काम चाललं. भंगारात निघालेल्या एका छोट्या गाडीचं मोटरवालं स्टेअरिंग सलाउद्दीननं आणून ठेवलं होतं. ते जीपला जसंच्या तसं बसणार नव्हतं. दांडा कापायचा, जोडायचा, पट्ट्या वेल्ड करायच्या. एवढं सलाउद्दीनचं. वायरी जोडायचं काम त्याच्या बायकोचं, नईमाचं. नईमा गॅरेजच्या मागच्या खोलीत जळक्या मोटरींचं वाइंडिंग करायची, आणि गाडीच्या विजेचं जे काही असेल ते सलाउद्दीन तिच्याकडे सरकवायचा. लाल वायर कोणती आणि तपकिरी कोणती, यात त्याचा जन्मभर घोळ.

"याले रंग दिसतस फक्त मन्ही साडीना," नईमा डॅशबोर्डखाली डोकं घालून म्हणाली. "तेबी महागडी ऱ्हायनी त."

"देख, गिऱ्हाईकसमोर बदनामी करी ऱ्हायनी," सलाउद्दीन म्हणाला.

कमलीबाई बाजूला पाट घेऊन बसली होती. तिला ती मोटर बघायची होती. एवढीशी होती, खलबत्त्यातल्या खलाएवढी.

"ही किती ओढेल?"

"तुन्हापेक्षा जास्ती," नईमा डोकं बाहेर काढून म्हणाली. "बहीन, आते तुन्हा हातले आराम. निस्तं बठ आनि डोंगर देख."

कमलीबाई हसली, पण अर्धीच. इतके दिवस तिनं खात्याच्या खांद्याचाच विचार केला होता. आपल्या हाताचं पुढं काय, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

काम झालं. खात्यानं जागच्या जागी चाक फिरवलं. फिरलं. त्यानं हात काढून घेतला, पुन्हा दोन बोटं लावली. पुन्हा फिरलं. म्हैस अचानक आपणहून गोठ्यात जाताना बघावी, तसं त्याचं तोंड झालं. मग तो नईमाला म्हणाला, "बरं आहे." खात्याच्या तोंडून हे म्हणजे भाषणच.

पुढच्या बाजाराला जीप गच्च भरली. पाड्यावर बातमी झाली होती की खात्यानं गाडीला पावर घातली. दगूबाई कोंबड्या घेऊन आली, दोघी तिघी आमचुराच्या गोण्या घेऊन, आणि ईश्वरभाऊ तर जणू उद्‌घाटनालाच आले होते. कमलीबाई तिच्या जागेवर. घाटाच्या पायथ्याशी खात्या नेहमीसारखा थांबला, रेडिएटरमध्ये पाणी घातलं, चढायला लागला.

पहिलं वळण आलं. खात्याचा डावा हात गिअरवर गेला. आणि तोंडातून, एकोणीस वर्षांच्या सवयीनं, निघालं, "हं."

कमलीबाईचा हात तरी काय करणार? तो गेलाच. तिनं नेहमीच्या ताकदीनं चाक ओढलं. खात्यानं त्याच्या ताकदीनं ओढलं. आणि मोटरीनं, बिचारी नवीन, तिनं तिच्या ताकदीनं ओढलं. तिघांनी मिळून जीप अशी वळवली की ती वळण सोडून थेट डोंगराच्या बाजूला टाकलेल्या खडीच्या ढिगावर चढली आणि नाक वर करून उभी राहिली.

आधी कोंबड्या. त्या खिडकीतून, मांडीवरून, ईश्वरभाऊंच्या टोपीवरून बाहेर पडल्या. मग माणसं. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. एक आमचुराची गोणी तेवढी फुटली होती आणि सगळ्यांना शिंका येत होत्या.

"पावर लई आहे गं बाई," दगूबाई कोंबडीमागे पळता पळता ओरडली. "थोडी काढून ठेवायला सांग त्याला!"

"यंत्रात दोष नाही," ईश्वरभाऊ टोपी झटकत म्हणाले. "एका वाहनास दोन चालक, हा दोष आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने वहिनींनी मागील आसनावर बसावे, असे माझे स्पष्ट मत आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कमलीबाईनं खात्याकडे पाहिलं. खात्यानं ढिगाकडे पाहिलं. त्याला काहीतरी म्हणायचं असावं, पण हे वळणानंतरचं बोलणं नव्हतं. हे वीस माणसांसमोरचं होतं. तो चाकाखालची खडी पायानं सारायला लागला.

कमलीबाई मागं जाऊन बसली. तिच्या जागेवर ईश्वरभाऊ सरकले.

मागच्या बाकावरून माणसाला काय दिसतं? नवऱ्याची मान दिसते, आणि मानेवरचे केस कापायला झालेत हे दिसतं. जीप एकेका वळणावर लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरत होती. पुढं ईश्वरभाऊ नव्या परिपत्रकाबद्दल सांगत होते. दुसऱ्यापासून अकराव्यापर्यंत खात्या एक शब्द बोलला नाही. कमलीबाईनं मोजलं. वळणं दहा, वाक्यं शून्य.

असे तीन बाजार गेले. खांदा मात्र सुधारत होता. सदऱ्याची बाही खात्या आता आपला आपण घालायला लागला. रिना म्हणाली, "आई, बा किती बरे झाले, नाही?" कमलीबाई म्हणाली, "हो ना," आणि भाकरी जरा जास्तच जोरात थापली. पावर बसवा बसवा म्हणून जीव खाल्ला तो तिनंच. आता तक्रार करायची तर कुणाजवळ, आणि काय म्हणून? माझ्या नवऱ्याचा खांदा बरा झाला हो?

चौथ्या बाजाराला पायथ्याशी खात्या पाणी घालायला उतरला. बॉनेट उघडलं, मिटलं. आत बसून चाक हलवून बघितलं. मग मान मागं न वळवता म्हणाला,

"करमसिंगच्या आई. पुढं ये. पावर गेली."

"गेली म्हणजे?" ईश्वरभाऊंनी विचारलं.

"गेली," खात्या म्हणाला.

कमलीबाई लोकांच्या पायांवर पाय देत कशी पुढं पोहोचली, ते तिचं तिलाच कळलं नाही. ईश्वरभाऊ मागं गेले. पहिल्या वळणाला "हं," आणि हात गेला, आणि चाक होतं तसंच जड, उलट थोडं अधिकच. कडं खणकन वाजलं. वळण संपल्यावर खात्यानं दम खाल्ला आणि म्हणाला, "लाल शेळी गाभण आहे वाटतं."

साधं वाक्य. पण कमलीबाईला ते निळ्या लुगड्याच्या बरोबरीचं वाटलं.

पाचव्या बाजारालाही पावर गेली. सहाव्यालाही. एका बिघडलेल्या यंत्रावर इतकं खूश होणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. त्यात सहाव्या बाजाराच्या संध्याकाळी खात्या ओट्यावर खांदा धरून बसलेला तिनं पाहिला. तापवलेलं मीठ फडक्यात बांधून शेकायला घेतलं, आणि तिचं मन तिथंच मोडलं. सीट गेली चुलीत. खांदा आधी.

"शहाद्याला जाऊ," ती म्हणाली. "नईमाला दाखवू. सारखी कशी जाते पावर?"

"जाऊ," खात्या म्हणाला.

"उद्या जाऊ."

"उद्या दुपारून पुरुषोत्तमनगरची भाडी आहेत. कारखान्याची माणसं."

"मग परवा."

"बघू."

'बघू' म्हणजे नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. आणि तिच्या डोक्यात एक गोष्ट खडा होऊन बसली. मागच्या आठवड्यात तो पुरुषोत्तमनगरला गेला, पावर ठीक. त्याच्या आधी दोनदा घाट चढून धडगावला गेला, पावर ठीक. बाजाराच्या दिवशीच काय होतं मेलीला?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती ओढ्यावर त्याचा सदरा धुवायला घेऊन गेली. दगडावर आपटायच्या आधी खिसे चाचपायची तिची रीत. वरच्या खिशात विडीच्या बंडलाशेजारी एक नारिंगी तुकडा निघाला. प्लास्टिकचा, खाली दोन चपटे दात. बटण म्हणावं तर बटण नाही, औषध म्हणावं तर औषध नाही. तिनं घरी येऊन रिनाला त्याचा फोटो काढायला लावला आणि नईमाला पाठवायला सांगितला. पाचच मिनिटांत फोन वाजला.

"बहीन, हाई तुले कोठे सापडनं?"

"त्याच्या खिशात. काय आहे हे?"

"फ्यूज शे. पावर स्टेअरिंगना. हाई काढा की पावर बंद, लावा की चालू." पलीकडे नईमा थांबली, आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. मागून सलाउद्दीनचा आवाज आला, "काय व्हयनं?" नईमा त्याला म्हणाली, "तू गप बठ, तुन्हाच पराक्रम शे."

"काय झालं, सांग तरी," कमलीबाई म्हणाली.

"अवं, तुन्हा नवरा आठे उना व्हता, पंधरा वीस रोज व्हयनात. म्हने, स्टेअरिंग जड करी दे. आमना जनमनं पयलं गिऱ्हाईक! लोके हलकं कराले येतस, तो जड कराले उना. सलाउद्दीननी पुसं, का रे भाऊ, काय तरास शे? त म्हने, घाटमा बोलनं व्हत नही."

"असं म्हणाला?"

"हां. आनि आमना हुशार मिस्तरीले वाटनं, स्टेअरिंग आवाज करत नही अशी तक्रार शे! याना भाषामा गाडी बोलनी म्हंजे खडखड करनी. हाऊ त्याले सांगस, अरे बोलत नही तेच त चांगलं शे, ग्रीस करेल शे मी. तो म्हने, नही, बोलाले पाहिजे. दोन्हीजन अर्धा तास तेच. शेवटले आमना मिस्तरी कटाळना, फ्यूज दखाडी दिना, आनि म्हने, नही आवडस त हाई काढी टाक, मंग बोली गाडी."

कमलीबाईनं फोन कानाशी धरूनच ठेवला.

"बहीन? ऐकी ऱ्हायनी का?"

"ऐकते."

"त्याले गाडीनं बोलनं नही पाहिजे व्हतं ना?" नईमा आता हळू आवाजात म्हणाली.

"नाही," कमलीबाई म्हणाली. "गाडी नाही."

सदरा वाळला. तिनं नारिंगी तुकडा होता त्याच खिशात परत ठेवला, वर विड्यांचं बंडल. कुणाला काही बोलली नाही. पण त्या आठवड्यात तिचं मन दोन बाजूंना ओढत राहिलं. हा माणूस खांदा मोडून घ्यायला तयार आहे पण 'ये, शेजारी बस' एवढं म्हणायला तयार नाही. राग यावा, तर हसू येत होतं. हसावं, तर मिठाचं फडकं आठवत होतं. शेवटी तिनं ठरवलं. सीट पाहिजे, पण चोरीची नको. आणि खांद्याच्या बदल्यात तर मुळीच नको.

बाजाराचा दिवस. जीप गच्च. कमलीबाई मुद्दाम सगळ्यात मागं, दाराशी बसली. पायथ्याशी खात्या उतरला, पाणी घातलं, आत बसला, चाक हलवलं.

"करमसिंगच्या आई. पुढं ये. पावर गेली."

ईश्वरभाऊ सवयीनं उठायलाही लागले. कमलीबाई खाली उतरली, पण पुढच्या दारानं आत चढली नाही. ती फिरून खात्याच्या बाजूला आली, खिडकीशी उभी राहिली आणि तळहात पुढं केला.

"दे."

"काय?"

"पावर. वरच्या खिशातली."

जीपमधल्यांनी कान टवकारले. कोंबड्यासुद्धा ऐकायला लागल्या असाव्यात. खात्याचा हात खिशावर गेला, पण तिथंच थांबला, जणू खिसा दुसऱ्या कुणाचा आहे.

"विड्या आहेत," तो म्हणाला.

"विड्यांच्या खाली."

दगूबाई मागून पुढं वाकली. "काय आहे गं खिशात?"

"पावर," कमलीबाई म्हणाली. "दर बाजाराला जाते ना, ती कुठं जाते, ते सापडलं मला."

खात्यानं नारिंगी तुकडा काढला. सगळ्यांनी माना लांब केल्या. ईश्वरभाऊंनी चष्मा लावला. "म्हणजे," ते म्हणाले, "सदर बिघाड हेतुपुरस्सर होता? गेले तीन आठवडे मी मागील बाकावर अवघडून बसलो, ते..."

"तू गप रे," दगूबाई म्हणाली. "ऐकू दे."

"लाव ते," कमलीबाई खात्याला म्हणाली. "खांदा शेकून शेकून माझं मीठ संपलं. लाव, आणि मी मागं जाऊन बसते. माझ्या हाताचं काही काम नाही आता."

ती वळली. दोन पावलं गेली. खरं सांगायचं तर पावलं तिनं जरा छोटीच टाकली.

मागून खात्याचा आवाज आला. "पुढं बस."

"कशाला? पावर आहे ना."

"असू दे पावर."

"मग मी काय करू तिथं बसून?"

खात्यानं आधी चाकाकडे पाहिलं, मग समोरच्या घाटाकडे. वळण एकही आलं नव्हतं. गाडी जागची हलली नव्हती. जीपमध्ये माणसं अशी की मोजता येऊ नयेत. अशा ठिकाणी त्याला बोलायची सवय नव्हती. त्याची कानशिलं तापून लाल झाली.

"तू शेजारी नसलीस," तो म्हणाला, "तर मला घाट लांब वाटतो."

दगूबाईनं ईश्वरभाऊंच्या पाठीत कोंबडीच्या टोपलीनं एक ढोसणी दिली. "ऊठ की! ऐकलं नाहीस? का तुलाही लेखी पाहिजे?"

ईश्वरभाऊ उठले. "सुरक्षिततेचा मुद्दा कायम आहे," ते मागं जाता जाता म्हणाले, "पण माझा विरोध मी मागे घेतो. स्वतःसह."

फ्यूज बसला. जीप चढायला लागली. कमलीबाईनं उजवा हात लुगड्याच्या पदरात गुंडाळून घट्ट धरला, म्हणजे तो आपणहून कुठं जायला नको. पहिलं वळण आलं. खात्याच्या तोंडून "हं" निघालं, तसं त्यानं पटकन ओठ मिटले. पदरातला हात उडी मारायला आला, पदरानं त्याला धरून ठेवलं. जीप आपली आपण वळली.

कमलीबाई वाट बघत राहिली. आता एक वाक्य येईल.

"लाल शेळी गाभणच आहे," खात्या म्हणाला. "मी काल पोट बघितलं. दोन असतील. एक रिनाच्या धाकट्याला देऊ, त्याला शेळीचं वेड आहे. माझ्या बाला पण होतं. बा शेळीशी बोलायचा. मी लहान असताना एकदा..."

कमलीबाईनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. चाक ओढायचं नव्हतं, त्यामुळे दम लागत नव्हता. आणि दम लागत नव्हता, त्यामुळे वाक्य कुठं थांबवायचं हेच खात्याला कळत नव्हतं. दुसरं वळण आलं, तो बोलतच होता. शेळीवरून तो बापावर गेला, बापावरून महूच्या झाडावर, झाडावरून करमसिंगनं कुंपण कसं चुकीच्या जागी घातलं यावर. चौथ्या वळणात त्यानं सलाउद्दीनची नक्कल केली. सहाव्याला निळ्या लुगड्याची आठवण काढली आणि विचारलं, ते हल्ली का नेसत नाहीस? कमलीबाई सांगणार होती की ते फाटून सात वर्षं झाली, पण तिला मध्ये शिरायला फटच मिळेना. मागं माणसं एकमेकांना कोपरं मारत होती. खात्याच्या पोटात इतकं बोलणं साठलंय, याची पाड्यावर कुणालाच कल्पना नव्हती. कमलीबाईलासुद्धा नव्हती. आणि त्यातलं निम्मं, तिनं मनातल्या मनात कबूल केलं, काही कामाचं नव्हतं.

नवव्या वळणावर तो तिच्याकडे तोंड करून, एका हातानं चाक आणि दुसऱ्या हातानं कुंपणाची लांबी दाखवायला लागला.

"अरे, समोर बघ," कमलीबाई म्हणाली. "ऐकते आहे मी. पळून जात नाही."

खात्यानं समोर बघितलं, गिअर टाकला, आणि कुंपणाचं पुढं सांगायला लागला.